कुंभारणीची माती

नाशिक,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तृप्ती,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. सकाळची थंडी पडायला लागलीय. तुझ्या हर्षालीला गालगुंडाचा परत काही त्रास झाला नाही, असं तुझ्या आशावहिनीकडून कळलं. बरं वाटलं.

भाऊबीजेला चांदवडला आलो नाही. शाळेत काम आहे म्हणून कळवलं, ते खोटं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कसली शाळा, तुलाही कळलं असेलच.

माझ्या खिडकीच्या चौकटीत सध्या एक कुंभारीण माशी घर बांधतेय. बोराएवढं मातीचं मडकं, वर कळशीसारखा काठ. वीस वर्षं मुलांना हेच शिकवत आलो. ती एकटीच असते. मडक्यात एक अंडं लटकवते, अळ्यांना डंख मारून लुळ्या करते, आत भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. अळ्या मरत नाहीत. पिल्लू त्यांना जिवंतपणीच खातं. तीन महिने मलाही तसंच काहीतरी आतून खातंय.

वहिनी सांगत होती, तुझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, "सुनेनं गालगुंडाला माती मागितली न् माझा पोरगा गेला." आणि तू मान खाली घालून ऐकतेस. म्हणून लिहितोय. फोनवर मला जमणार नाही.

माती तू मागितलीस, खरंय. गालगुंडावर कुंभारणीची माती गावात सगळेच लावतात. तू आत पोरीजवळ होतीस. दत्तूदाजी कुंभारणीचं मडकं काढायला कांद्याच्या चाळीला शिडी लावून चढले आणि लगेच खाली आले. हे तुला माहीत नाही. मी तिथंच खुर्ची टाकून चहा पीत होतो.

"मास्तर, लय माश्या हायेत वर."

मी बसल्या जागेवरून विचारलं, "पिवळ्या? कंबर बारीक?"

"हा."

"मग कुंभारीणच. ती काय करत नाय. एवढे शेतात राबता न् माशीला घाबरता?"

ते ओशाळून हसले आणि परत चढले.

गांधीलमाशीचीही कंबर बारीकच असते. पण गांधील घोळक्यानं राहते, कुंभारीण एकटी. ते 'लय' म्हणाले होते, तृप्ती. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. मडक्यामागच्या वाशाला गांधिलांचं पोळं होतं. मी उठून बघितलंसुद्धा नाही, चहा गार होईल म्हणून. दवाखान्यात नेईपर्यंत डंखांनी त्यांचा घसा सुजून श्वास बंद झाला.

दहाव्याला सगळे विचारत होते, हा वर चढलाच कशाला. तू म्हणालीस, मी माती मागितली. मी तुझ्या शेजारी बसून गप्प राहिलो. माझी लाज वाटते मला.

हे पत्र तुझ्या सासूबाईंना, भागीबाईंना, मोठ्यानं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नको. रविवारी मी येतो आणि त्यांच्यासमोर हेच सांगतो. तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन.

दाजींना परत वर पाठवणारा,
सुनील