वाक्य अर्धं कापू नकोस

प्रिय बंड्या,

परवा आईकडून तू न जेवताच निघून गेलास. आपण दोघं स्वयंपाकघरात भांडत राहिलो, दूध उतू गेलं, आणि ते पुसायला शेवटी आईच उठली. डायलिसिस करून नुकतीच आलेली बाई. पण तेव्हा तू सरकारी तूट आमच्या पक्षाच्या माथी मारत होतास आणि मी तुमच्या.

तू गेल्यावर ती म्हणाली, "दवाखान्याची बस कुणी बंद पाडली ते तुम्ही दोघं कधीचे सांगताय. चालू कोण करणार?" मी निवडून आलेली, सत्तेतली; प्रश्न मलाच होता. तुला माहीत नसेल, पैसे नाहीत म्हणून ती बस बंद झाल्यापासून शेजारचे शिंपीकाका तिला स्कूटरवरून नेतात. परतताना तिला गरगरतं, म्हणून शालीनं स्वतःच्या कमरेला बांधून आणतात. ती हे हसत हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

काल पक्षाची बैठक झाली. अर्थसंकल्पावर मी बोलायचंय आणि भाषण वरून लिहूनच आलंय: मागच्या सरकारनं तिजोरीत खडखडाट करून ठेवला, आम्ही तरी काय करणार. मी विचारलं, बड्या कंपन्यांचा कर आपणच कमी केला, त्याचं काय? नेते चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण बरोबर बोलायची ही वेळ नाही."

उद्या सभागृहात मी हे बोलणार आहे: निवडणुकीच्या तोंडावर तुम्ही उधारीवर सवलती वाटल्या, मग आम्ही येऊन उत्पन्नालाच कात्री लावली. तूट दोघांची आहे. कर पूर्ववत करून बस चालू करा, ही दुरुस्ती तुमच्या पक्षानं मांडली असली तरी माझं मत तिलाच. पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही. न मिळो. वकिलीची पाटी माळ्यावर आहे, पुसून लावेन.

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय, कारण फोनवर आपण पुन्हा भांडलो असतो. तुमच्या पक्षाची प्रसिद्धी तू सांभाळतोस. उद्या 'त्यांच्याच बाईंनी कबूल केलं' म्हणून माझं भाषण घरोघरी पोचवायचा हुकूम तुला येईल, आणि तुमच्यावरचा भाग कापायला सांगतील. तू कापलास की आमचे लोक दुसरा अर्धा दाखवतील, आणि बस राहील बाजूला. दाखवायचं तर सगळं दाखव. यात तुझी नोकरी जाऊ शकते, हे कळूनच मागतेय. तू नाही म्हणालास तरी मी बोलणारच आहे. एकटीनं की तुझ्या साथीनं, एवढंच तुझ्या हातात आहे.

तुझीच, भांडकुदळ,
ताई