कंबरेचे मणी आणि टेप

सोमवार, १३ जानेवारी

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, विद्यापीठाच्या व्यायामशाळेत, धावणाऱ्या मुलांच्या देखत, प्रशिक्षकाने माझ्या नातीला टेप लावली आणि आकडा मोठ्याने वाचला. चरबी एकतीस टक्के! बाजारात बकरा घेतात तसं! आणि कुणाला? न्कोयोला — जी माझा चहा होईपर्यंत नदीपर्यंत पळून परत येते. प्रशिक्षक एफांगा म्हणे, "पंचविसाच्या खाली ये, मग संघात. नाहीतर आजीचं स्वयंपाकघर आहेच." मुलं हसली म्हणे.

हे तिने जेवताना सांगितलं. ताट अर्धं तसंच.

बुधवार, १५ जानेवारी

उलगडा झाला! हे विद्वान मान, कंबर, नितंब मोजतात आणि त्यावरून चरबी काढतात. आणि न्कोयोच्या कंबरेला, कपड्यांच्या आत, काचेच्या मण्यांचे नऊ सर आहेत. आमच्या कलाबार शहरात कुठल्या मुलीला नसतात? "मग बोलली का नाहीस गं?" "त्या मुलांसमोर, आजी?" तेही खरंच. ते मणी नवऱ्यानेच बघायचे.

म्हणजे त्या गाढवाने काच मोजली आणि तिला चरबी म्हटलं.

गुरुवार, १६ जानेवारी

एफांगाकडे जाऊन आले. गळ्यात शिट्टी, पोट पट्ट्यावरून ओघळलेलं. त्याला कुणी मोजत नाही! कॉन्व्हेंटमध्ये पुरुषासमोर 'कंबर' म्हटलं असतं तर नन्सनी गुडघ्यांवर उभं केलं असतं. मी म्हटलं. मण्यांचंही सांगितलं.

"आजीबाई, टेपला मणीबिणी कळत नाहीत."

"ते दिसलंच. तुम्हाला कळतात का?"

खांदे उडवले. महिन्याने परत मोजू म्हणे, हवं तर मणी कापून या.

न्कोयोने ऐकून घेतलं. "आईने बांधलेत. लग्नाआधी नाही कापणार. मणी राहतील. मीच कमी होते."

काहीतरीच!

रविवार, २ फेब्रुवारी

आज चर्चनंतर नणंदबाई टपकल्या. अतिम. लग्न ठरलेल्या मुलींनी अंग धरावं म्हणून त्यांना पंधरा दिवस खोलीत बसवून खाऊ घालते, तेल चोळते — आमच्या आजीच्या वेळचं खूळ, आता नव्या रंगरंगोटीत. आल्या आल्या न्कोयोचा दंड चिमटीत धरला.

"वहिनी, हा दंड आहे की मक्याचं सोललेलं कणीस? माझ्याकडे पाठव."

एक टेपवाला, एक चिमटीवाली! पोर आहे की कणीक? हाकलून दिलं तिला.

न्कोयो जेवली नाही. अतिमच्या बोलण्याने मन उडालं असणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चोवीस! संघात घेतली! एफांगाचा फोन — "बघितलंत आजीबाई, टेप खोटी नव्हती." निर्लज्ज. मणी तेच, टेप तीच, आणि शहाणा मात्र हा!

आनंदाने एडिकाइकाँग, आमचं पालेभाज्यांचं कालवण, केलं, कोलंबी जास्त घालून. न्कोयोने पालेभाजी निवडून खाल्ली. कोलंबी मांजराला.

शनिवार, १ मार्च

जिन्यात बसली होती. तीन पायऱ्या चढून. "दम लागला, आजी." आठशे मीटर धावणारी मुलगी!

सोमवार, १० मार्च

न्हाणीतून बाहेर येताना नऊच्या नऊ सर तिच्या पायांवरून घसरून फरशीवर पडले. एकही गाठ सुटली नव्हती. जानेवारीपासून पाळी नाही, म्हणाली.

उद्या डॉक्टर. अतिमला निरोप धाडला — खोली उघड, यामचे कंद उकडून कांडायला घे, मी तिला घेऊन येते.

एफांगाला लिहिलं: न्कोयो धावणार नाही. मणी आता माझ्या टेबलावर आहेत. तुमच्या टेपसकट या आणि मोजा. त्यांत चरबी किती टक्के, ते मला लेखी हवं. शुक्रवार, १४ मार्च, दुपारी बाराच्या आत.