बोहणी झाली, भत्त्याचं काय

१२ ऑक्टो., शनि. दसरा
कंपनी बंद पडून दोन महिने झाले. बायको, सुशीला, म्हणाली, आजचा मुहूर्त सोडायचा नाय. मुकुंदवाडी स्टेशनजवळ मेव्हण्याचा रिकामा गाळा. तिथं पाने-पकडी मांडून पूजा केली, नारळ फोडला. मेव्हण्यानं पाटी रंगवूनच आणलेली : 'मोटार-पंप दुरुस्ती, प्रो. प्रा.' आणि माझं नाव. भाडं नको म्हणाला. लई केलं त्यानं. गिऱ्हाईक एकबी नाय.

१५ ऑक्टो., मंगळ.
बेकारी भत्त्याचा फॉर्म आणला. तीन महिने मिळतो. पोरीची नर्सिंगची फी त्याच्यावरच टेकलीय. शेवटी छापलंय, 'सध्या कोणताही व्यवसाय करत नाही', खाली सही. पेन हातात, डोळ्यापुढं पाटी.
सुशीला : "एक रुपाया तरी आला का? मग कसला धंदा? करा सही."
मेव्हणा म्हणतो, पाटीवर पोतं टाकू. कुंकू लावलेल्या पाटीवर पोतं... नाय केली सही.

१७ ऑक्टो., गुरु.
कामगार विमा ऑफिस, भत्ता इथूनच मिळतो. खिडकीवरच्या मॅडमला खरं सांगितलं : मुहूर्त झालाय, धंदा नाय. हसल्या नायत, उपकारच त्यांचे.
"असंच लिहून द्या काका. साहेबांना विचारते. पण कमाई झाली की लगेच सांगायचं."
बसायला खुर्ची दिली. कंपनीत वीस वर्षांत कुणी दिली नव्हती.

२३ ऑक्टो., बुध.
गल्लीतली शेळ्यावाली रुख्मिणमावशी पाण्याची मोटार घेऊन आली. कंडेन्सर गेलेला. घरातला जुना बसवला, चालू झाली. म्हटलं, पैसे राहू द्या. भडकलीच.
"बोहणी हाय ती. लक्ष्मी परत करतो व्हय? दुकानाला नाट लावू का मी?"
पन्नासची नोट पान्यांवर ठेवून गेली. सुशीलानं कपाळाला लावली, देवापुढं ठेवली.

२४ ऑक्टो., गुरु.
सुशीला म्हणाली, पन्नास रुपयांपायी भत्ता घालवता का. मग तिनंच डबा भरून दिला. ऑफिसात लिहून दिलं : 'काल बोहणी झाली, रु. ५०.' मॅडमनं फाईलला लावलं.
"आता साहेब ठरवतील. दिवाळीनंतर या. आमचाही पंप बंद आहे काका, पण निकाल लागेपर्यंत नाही आणणार."
परत आलो तर गाळ्यापुढं दोन मोटारी ठेवलेल्या. मावशीनं गल्लीभर सांगितलेलं दिसतंय. देवानं माणसं चांगली दिली, तक्रार नाय. शटर अर्धं वर करून बसलोय.