झाकणावरच्या चिठ्ठ्या

ती. वन्सं यांस,

वाकून नमस्कार (कंबरेमुळे अर्ध्यातच थांबला आहे, पूर्ण झाला असं समजून आशीर्वाद द्यावा). तुमचे गुडघे काय म्हणतात? आम्ही दोघं धडधाकट आहोत. स्वयंपाकघर मात्र हातचं गेलं.

तुमचे धाकटे बंधू निवृत्त झाले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तीस वर्षं सुट्या भागांचं गोदाम सांभाळलं, आता माझ्या फळ्या दिसल्या. पहिले दोन दिवस वही घेऊन ओट्याशी बसले आणि कुठला डबा किती वेळा उघडतो याच्या रेघा ओढल्या. सगळ्यात जास्त उघडला बिस्किटांचा (उघडणारे कोण, ते विचारू नका). मिठाचा एकदाच, कारण मी मीठ वाटीत काढून घेते. म्हणून बिस्किटं हाताशी आणि मीठ माळ्यावर! गोदामाचा नियमच तसा म्हणे. मग स्टीलचे अठरा सारखे डबे आणले, पाण्याने निघणार नाहीत अशा चिठ्ठ्या लावल्या, त्याही कुठे, तर झाकणांवर! आणि रविवारी सगळी झाकणं एकाच टबात घासून हाताला येतील तशी बसवली. मी काही बोलले की म्हणतात, पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो.

काल त्यांचे जुने साहेब आले. यांनी छाती फुगवून सांगितलं, "काहीही मागा साहेब, अर्ध्या मिनिटात हजर!" साहेब म्हणाले, "मीठ." हे स्टुलावर चढले. मिठाच्या डब्यात डाळ निघाली, डाळीच्या डब्यात चहा, चहाच्या डब्यात साबणाची पूड. अकराव्या डब्याला साहेब खो खो हसायला लागले आणि यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. बादलीमागे मी लपवलेली मिठाची वाटी पुढे केली आणि म्हटलं, "अहो, सकाळी तुम्हीच नाही का ही खाली काढून ठेवलीत?" धडधडीत खोटं बोलले, वन्सं. पण म्हणून राग गेलेला नाही. आज चहासाठी सात डबे उघडले. माझ्याच घरात मी पाहुणी झाले आहे.

तिकडे सगळ्यांना ज्याचे त्याचे नमस्कार-आशीर्वाद पोचवावेत.

तुमची,
हैराण भावजय

ता. क. तुमच्या माळ्यावर पसारा झालाय आणि तुमच्याने आवरत नाही, असं मी यांना सांगून ठेवलं आहे. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. पंधरा दिवस बोलावून घ्या, तेवढ्यात मी माझं घर लावते.

आणखी एक. पंधरा नको, आठच. रिकामे बसले की फार एकटे दिसतात हो. परत येतील तेव्हा दारामागचं एक कपाट मी मुद्दाम विस्कटून ठेवणार आहे.