दहा वेळा लिहिलेली कविता

टीचर, तुमच्यावर मी पन्नासहून जास्त वर्षं राग धरला. आता तो सोडावा लागतोय, याचाही मला रागच येतोय.

आमचे हे जाऊन चार महिने झाले. लोक दुःखावरच्या कविता मोबाइलवर पाठवतात, खाली जोडलेल्या हातांचं चित्र. दहाव्याच्या आधी वैजापूरचे दीर म्हणाले, "वहिनी, पेपरात फोटोखाली दोन ओळी टाकू ना? सगळेच टाकतेत." मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या भावानं जन्मात दोन ओळी वाचल्या नाहीत. आता कशाला छळता त्यांना?" जाऊबाई पदराआड हसल्या, मग रडल्या. मला दोन्ही जमलं नाही. थकले होते. अजून थकलेलीच आहे.

मी आठवीत असताना पप्पा वारले. तेरावं झाल्यावर मी कॉन्व्हेंटमध्ये परत आले, तर मराठीच्या तासाला तुम्ही पहिलं मलाच उभं करता. "नदीची कविता म्हण." मी म्हणते, "पाठ नाही, टीचर." मागून कुणीतरी पुटपुटतं, "टीचर, हिचे पप्पा…" "मला माहीत आहे. शेवटच्या बाकावर जा आणि दहा वेळा लिहून काढ." एवढंच. डोक्यावर हात नाही, एक गोड शब्द नाही. घरी जाऊन मी आईला सांगितलं, त्या बाईला काळीजच नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी कप विसळत होते. सवयीनं रोज दोन काढते. दुसरा न वापरताच विसळून ठेवते. हातात तो दुसरा कप होता आणि तोंडातून नदीची कविता निघाली. कुणी पाठवलेली नव्हती. पहिली ओळ, दुसरी, कुठं अडखळणं नाही. तिसऱ्या कडव्याला मी ओट्याला धरून रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग तो शेवटचा बाक आठवला. समोर सगळ्यांच्या पाठी, मान वहीत घातलेली, माझं तोंड कुणालाच दिसत नव्हतं. डोळ्यांतल्या पाण्यानं पानभर शाई फिसकटली होती. एका वेलांटीसाठी मार्क कापणाऱ्या तुम्ही त्या पानांवर मुकाट बरोबरची खूण केलीत. तेव्हाच सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतंत, तर मी लिहिलंच नसतं.

तुमचा पत्ता ठाऊक नाही, हे पत्र रद्दीत जाईल. पण एक कबूल करते. कविता मला त्या दिवशीही पाठ होती. पप्पांनीच करून घेतली होती.