टेकडीची वाट

४ जुलै
सभा झाली! कॉफी, तळलेली केळी, भाषणं — सगळं वेळेत. त्सुनामी आली तर कोळीवाड्याला टेकडीवर पळायला एकच रस्ता, तोही पुलावरून. भूकंपात पूलच पडला तर? म्हणून नवी वाट माझ्या सासूबाईंच्या नारळीच्या बागेतून. त्यांचे भाऊ, कुळाचे प्रमुख दातुक मामा म्हणाले, "लिहून घ्या, आमचा होकार!" सगळ्या पुरुषांनी सह्या ठोकल्या. आपत्ती कार्यालयातले आमचे साहेब खूश. मीही.

७ जुलै
मोजणीवाले हात हलवत परत आले. बागेत सासूबाई झाडू घेऊन उभ्या! "कुणी दिली जमीन? दातुकने? त्याच्या बायकोची बाग मोजा म्हणावं!"

चूक माझी. आमच्या सुमात्रातल्या पादांगकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः लग्नापासून बायकोच्या घरी राहतो. इथे सगळेच घरजावई! तरी सवयीने बोलावलं ते पुरुषांना.

८ जुलै
बायको, एलमिदा, बोलत नाही. जेवायला मात्र वाढलं.

१२ जुलै
बायकांना सभेला बोलावलं. निरोप आला, "आम्हाला कामं आहेत. तुम्हीच या." शेवटी साहेब बूट काढून सासूबाईंच्या स्वयंपाकघरात! कोळीवाड्यातल्या बायकाही आल्या. नारळ खवता खवता चर्चा. इथे जावयाने सासरच्या जमिनीत तोंड घालायचं नसतं, म्हणून मी ओसरीवर.

नकाशावर मी वाट बागेतल्या कबरींच्या कडेने, उभ्या चढावरून काढली होती. मार्दियाना कोळीण म्हणाली, "माझी सासू लुळी आहे. तिला पाठीवर घेऊन तिथून चढायचं? तुम्ही दाखवा साहेब!" साहेबांनी तांदळाचं पोतं पाठीवर घेतलं आणि सपशेल घसरले. बायका हसून लोटपोट.

रुंद, सपाट जागा बागेत एकच. तिथे एलमिदाच्या आणि माझ्या नव्या घराचा पाया आहे. किती वर्षं पोटाला चिमटा काढून घातलेला! वाट तिथून का नाही, हे मला कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी फक्त एकदा ओसरीकडे बघितलं. मला लाज वाटली.

१३ जुलै
एलमिदा एवढंच म्हणाली, "उद्या लवकर पायापाशी या."

१४ जुलै
पायापाशी एलमिदा पहार घेऊन उभी होती. एकही दगड हलवलेला नव्हता.
"जमीन आम्हा मायलेकींची. पण घर दोघांचं. तुम्हाला विचारल्याशिवाय पाया कसा काढू?"
इतक्या सभा घेतल्या मी. असं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.
पहार मी घेतली.