आवाज नापास, बाकी पास

३ ऑक्टोबर, मंगळवार

आलं! आणि यायचं ते नेमकं मी अंघोळीला असताना. दार ह्यांनी उघडलं. बाहेर येऊन बघते तर नवरोजी खोका कानाशी धरून हलवतायत! "आत मोटर आहे. छोटी आहे." सगळा जन्म कारखान्यात मोटरी गुंडाळण्यात गेला. माणूस निवृत्त झाला, कान काही होत नाही.

मी म्हटलं, मसाजचं यंत्र आहे, मानेसाठी. "मान कधीपासून दुखते तुझी?" आता काय सांगू, कपाळ! बरेच दिवस झाले, म्हटलं. खोका लोकरीच्या कपड्यांखाली सरकवला आणि पोळ्या लाटायला गेले. एकही पोळी गोल झाली नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार

व्हायब्रेटर. घ्या, लिहिला शब्द! पानाने काही तोंड फिरवलं नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी हे वाचनालयात पेपर वाचायला जातात, तेव्हा खोका उघडला. उगीच धडधडत होतं, म्हणून म्हटलं, बाई गं, तू तपासणी विभागातली, माल आलाय, तपास. मिक्सर, पंखे, केस वाळवायची यंत्रं, काय काय नाही गेलं या हातांखालून.

आधी वास. रबराचा वास नाही — चांगलं. मग जोड. नख फिरवून पाहिलं, कुठेही कंगोरा नाही. चार्जिंगची वायर चुंबकाने चिकटते, छान सोय. दिवा लुकलुकतो. बटण मात्र फार घट्ट, माझ्या वयाच्या बोटांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. माहितीपत्रकावरची पोरगी तर माझ्या सुनेहून लहान! पहिला वेग ठीक, दुसरा बरा. तिसरा म्हणजे निव्वळ आचरटपणा. भिंतीला भोक पाडायचंय का?

डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं होतं. "या वयात वापर नसला की सगळं आखडतं. यात लाजण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, काहीच नाही. आणि लाजले.

पण खरं कारण इथे तरी लिहावं. ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, जिवावरचं टळलं. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, की पूर्वीसारखं होणार नाही. मी म्हटलं, माणूस राहू दे, बाकी गेलं खड्ड्यात. आजही तेच म्हणेन. पण ह्यांनी त्या 'बाकी'बरोबर सगळंच उचलून नेलं. हात नेले, पाठ नेली, गादीसुद्धा मागच्या खोलीत नेली. का, तर "मला सारखं उठावं लागतं, तुझी झोपमोड होते." झोपमोड! झोप येतेय कुणाला?

आता धास्ती एकच. ह्यांना हे कळता कामा नये. कळलं तर म्हणतील, माझी जागा भरली. आणि मग ते मागच्या खोलीतून कधीच बाहेर यायचे नाहीत.

९ ऑक्टोबर, सोमवार

वापरून पाहिलं. आधी नुसतं हसू येत होतं. मग हसू थांबलं. मग चक्क रडू आलं! मला वाटलं होतं, तिकडचा कारभार कधीच आटोपला. आटोपलेला नाही. आहे सगळं जागच्या जागी.

पडल्या पडल्या जुन्या दुपारी आठवल्या. लग्न झालं तेव्हा कारखान्यात ह्यांची पहिली पाळी आणि माझी दुसरी. हे घरी यायचे आणि मी निघायची, त्या मधला थोडासा वेळ आमचा. सासूबाईंना बरोबर तेव्हाच शेजारणीकडे काम निघायचं. त्या मुद्दाम जायच्या, हे मला त्या वारल्यानंतर लक्षात आलं. किती शहाणी बाई! ह्यांच्या अंगाला मोटरींच्या वार्निशचा वास असायचा. मी पुन्हा पुन्हा हात धुवायला पिटाळायची, वास काही जायचा नाही. मग एकदा हे आजारी पडून घरी राहिले आणि मला त्या वासावाचून करमेना. गंमत म्हणजे मला कामावर पोचायला उशीर झाला की आमच्या सुपरवायझर बाई डोळे मिचकावून म्हणायच्या, "वेणी नीट घाला हो नवरीबाई!" मेलं लक्षात यायचं कसं सगळ्यांच्या?

असो. निकाल: यंत्र काम करतं, अगदी चोख. पण "बरं वाटतंय ना?" असं विचारत नाही. हे दर वेळी विचारायचे. आणि मी खेकसायची, "तोंड बंद ठेवा हो!" आज कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा. आज रडू नाही. लाजही नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काल ह्यांना भाजी चिरताना बघितलं. अजून तशीच मान तिरकी करतात. पहिल्यांदा तशीच मान तिरकी करून माझ्या टेबलाशी उभे राहिले होते, रागाने लाल! मी त्यांच्या मोटरींचा आख्खा ढीग नापास केला होता. "कशावरून नापास?" मी म्हटलं, घसा बसलाय मोटरींचा. विभागात हशा. हे तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी एक मोटर घेऊन हजर. "आता ऐका, कशी गाते ती!" गात होती खरंच. मैत्रिणी म्हणाल्या, "नापास करता करता पास केलंस की गं!" तेव्हापासून या माणसाची मला कधी चोरी नव्हती. आता घरात चोरासारखी वावरतेय.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण!

आवाजाची चाचणी राहिली होती. कुणी सांगितली होती करायला? पण खोड. आमच्याकडे छोटी मोटर लाकडावर ठेवून ऐकायचे. हवेत लपलेली खरखर लाकूड बरोबर सांगतं. मी यंत्र भिंतीतल्या कपाटाच्या फळीवर ठेवलं, फळीला कान लावला. दुसऱ्या वेगाला अगदी बारीक खरखर. मी मनाशी म्हणते, हं, आवाज नापास.

तर भिंतीपलीकडून आवाज आला: "बेअरिंग घासतंय."

वाचनालय आज बंद होतं. हे मागच्या खोलीत पडले होते, आणि ती फळी दोन्ही खोल्यांतून आरपार आहे! मी बटण दाबतेय तर ते बंद होईना, उलट तिसऱ्या वेगावर गेलं. कसंबसं थांबवलं. मग पलीकडून हळूच, "मानेचं नाहीये ते. एवढ्याशा मोटरीने मान काय हलणार."

चहा दिला. घेतला. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

बोलत नाहीत. जेवले, ताट घासलं, आत गेले. रागावले असते तर भांडले तरी असते. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१५ ऑक्टोबर, रविवार

शेवटी सकाळी कपडे वाळत घालताना हेच म्हणाले, "माझ्यामुळे आणलंस ना ते?"

इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. म्हटलं, "तुमच्यामुळे? गादी कुणी उचलली? मी उचलली?"

"काय तोंडाने येऊ तुझ्याजवळ? माझ्याकडे आता आहे काय?"

"हात आहेत ना! मला हातच हवेत तुमचे. पाठ हवीय. झोपेत ढकलायला कुणीतरी हवंय! बाकी मी मागितलंय कधी?"

माझा ओला टॉवेल हातातच राहिला. ह्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. जेवायलासुद्धा आले नाहीत. संध्याकाळी आले ते सरळ मागच्या खोलीत, दार लोटून.

संपलं. यंत्र चांगलं आहे, पण त्यापायी माणूस गमावायचा नाही मला. उद्या टाकून देते.

१६ ऑक्टोबर, सोमवार

पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्याशी ठेवलं होतं. ह्यांनी पिशवी उचलली, माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि पलंगावर बसले. म्हणाले, "मला शिकव."